बालवाडीत आवाज किती असावा? ताईंचे आणि पालकांचे प्रश्न

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वयाची पंचवीसेक मुलं येतात, खोली एकच, वर पत्रा. प्रार्थना होईपर्यंत सगळं ठीक असतं, पण ठोकळे काढले की मुलं वर्ग डोक्यावर घेतात. मी "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणते, तेवढ्यापुरती गप्प बसतात आणि परत सुरू. दुपारपर्यंत माझा घसा बसलेला असतो. आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणतात मुलांना बोलू द्या. मग मी करू तरी काय?

उत्तर : ताई, मॅडमचं बरोबर आहे आणि तुमचा त्रासही खरा आहे. हाताची घडी, तोंडावर बोट म्हटलं की मुलाला एकच कळतं, तोंड बंद करायचं. आपल्याला ते नकोच आहे, कारण याच वयात भाषा वाढते आणि ती बोलूनच वाढते. आपल्याला हवंय ते एवढंच की शेजारच्याशी बोलताना आवाज शेजारच्यापर्यंतच जावा, आणि हे मुलाला कुणी शिकवलेलंच नसतं. घरी तो टीव्ही आणि मिक्सरच्या वरताण बोलायला शिकलाय, बांधावरून बाबांना हाक मारायला शिकलाय, मग वर्गात तेच करतो. यात उद्धटपणा काही नाही.

म्हणून "आवाज कमी करा" असं नुसतं सांगू नका, कमी म्हणजे किती ते तीन-चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. आवाज कुणापर्यंत पोचवायचा ते सांगा. चार आवाजांना नावं द्या : कानातला आवाज, शेजारचा आवाज, गोलातला आवाज, मैदानातला आवाज. नावं तुमच्या गावच्या बोलीत बसतील तशी बदला, पण एकदा ठरली की रोज तीच वापरा, आणि ठोकळे काढायच्या आधी सांगा, "आता शेजारचा आवाज." गोंधळ सुरू झाल्यावर सांगून फारसा उपयोग होत नाही.

नावं दिली म्हणजे झालं असंही नाही, ती अंगवळणी पडायला हवीत. त्यासाठी मला सगळ्यात आवडतो तो पहारेकऱ्याचा खेळ. दोन मुलांना गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसवायचं, मध्ये चार ठोकळे. तिसरं मूल दारात पाठ करून उभं, तो पहारेकरी. बसलेल्या दोघांनी एकमेकांना भाज्यांची नावं सांगायची, वांगं, भेंडी, दोडका, जे सुचेल ते. पहारेकऱ्याला ऐकू आलं की त्याने हात वर करायचा. हात वर गेला की बसलेली दोघं आपोआप आवाज उतरवतात, कधी इतका उतरवतात की समोरच्यालाही कळत नाही, मग तो "काय?" म्हणतो आणि आवाज परत थोडा वर येतो. हे वरखाली करणं म्हणजेच शिकणं. तुम्ही मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. पुढच्या फेरीत पहारेकरी बदला. ज्या मुलाचा आवाज सगळ्यात मोठा त्याला लवकर पहारेकरी करा, त्याला दारातून दुसऱ्यांचा आवाज ऐकू आला की आपला आवाज कुठवर जातो ते पहिल्यांदा कळतं.

टाळ्यांचा खेळही घ्या. एकाला बाहेर पाठवून वर्गात एक मणी लपवायचा, तो आत येऊन शोधायला लागला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, मण्याजवळ गेला की जोरात, लांब गेला की अगदी हलक्या. जोरात आणि हलकं यांच्या मधल्या पायऱ्या हातांना कळल्या की गळ्यालाही लवकर कळतात.

आता तुमच्या घशाबद्दल. आजूबाजूला गलका वाढला की आपला आवाज आपोआप चढतो, एत्येन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी हे १९११ मध्ये दाखवून दिलं. मुलांचं तेच होतं, एकाचा चढतो म्हणून दुसऱ्याचा चढतो, आणि त्यावर तुम्ही "गप्प बसा" म्हणून ओरडलात की त्या गलक्यात अजून एक मोठा आवाज वाढतो. त्यापेक्षा खंजिरी किंवा घुंगरू ठेवा, ठरलेला एकच ठेका वाजवा आणि थांबा. सूचना द्यायची असेल तर त्या घोळक्याजवळ जा, खाली बसा आणि त्यांना शिकवलेल्या शेजारच्या आवाजातच बोला. मुलं ताईचा आवाज उचलतात, चांगलाही आणि चढलेलाही.

खोलीकडेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलं होतं की शिकवताना वर्गात बाहेरून येणारा आवाज ३५ डेसिबलच्या वर नको. पत्र्याखाली पाऊस वाजायला लागला की ते शक्यच नाही, त्या दिवशी मुलांना आवाजावरून बोलूच नये, चित्रं काढायला द्यावीत. एरवी उघडी फरशी आणि रिकाम्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे ठोकळे सतरंजीवर किंवा जुन्या गोधडीवर खेळायला द्या, खडखडाट तिथेच जिरतो. आणि मैदानातल्या आवाजाला रोज हक्काची वेळ द्या, बाहेर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा त्या वस्तीत जाऊन अंगणातच मुलं जमवायच्या, अंगणवाडी ती तिथूनच. पोटभर ओरडून आलेलं मूल आत जास्त सहज हळू बोलतं.

अजून एक, आणि हे खरंच मनावर घ्या. एखादं मूल सतत मोठ्याने बोलत असेल, मागून हाक मारली तर वळत नसेल, सारखं "आँ?" करत असेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्या. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहतं, दुखत नाही म्हणून घरी कुणाला पत्ता लागत नाही, पण ऐकू कमी येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना त्या मुलाचं मुद्दाम सांगा, पण त्यांच्या फेरीची वाट बघत थांबू नका, आईला आत्ताच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची, घरी दिवसभर बडबड करते पण शाळेत तिचा आवाज निघत नाही. टीचर सगळ्यांसमोर "जोरात बोल, जोरात बोल" म्हणतात आणि ती अजून मिटून जाते. पुण्यात आलो त्याला सहा महिने झाले.

उत्तर : सगळ्यांसमोर "जोरात बोल" हे आधी थांबवायला सांगा, अगदी विनंती करून सांगा. आवाजाच्या पायऱ्या हिलाही चढायच्या आहेत, पण खालून. आधी एका मैत्रिणीच्या कानात, मग टीचरच्या कानात, मग तिघींच्या गटात, आणि प्रत्येक पायरीवर तिला हवं तितकं थांबू द्यायचं. मारिया मॉन्टेसरींच्या शांततेच्या खेळात सगळी मुलं डोळे मिटून बसतात, बाई दुसऱ्या खोलीतून कुजबुजत एकेकाचं नाव घेतात, आणि ज्याचं नाव येईल ते मूल आवाज न करता उठून जातं. टीचरना सुचवा, थोडे दिवसांनी नाव घ्यायचं काम तुमच्या मुलीला द्या. तिथे हळू बोलायचंच असतं, तिचा आवाज जसा आहे तसाच चालतो आणि सगळा वर्ग तो कान देऊन ऐकतो.

सहा महिने झालेत म्हणून एक स्पष्ट सांगते. घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत अजिबात बोलत नसेल, आणि नव्या शाळेतला पहिला महिना सोडूनही ते महिन्याहून जास्त चाललं असेल, तर त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात का ते बालमानसतज्ज्ञांना दाखवून घ्यावं. हा हट्ट नसतो, भीती असते, आणि लवकर मदत मिळाली तर मुलं छान बोलू लागतात. तिच्यासमोर "ही शाळेत बोलतच नाही" असं पाहुण्यांना सांगू नका.

प्रश्न : शांत बसणाऱ्या मुलांना स्टार दिला तर चालेल का? आमच्या प्लेग्रुपमध्ये देतात.

उत्तर : मी देणार नाही. स्टार त्याच त्या चार मुलांना मिळतो आणि बाकीच्यांना आठवड्याभरात कळतं की आपल्याला मिळणार नाही. त्याऐवजी जे घडलं ते बोलून दाखवा, "तू शेजारच्या आवाजात विचारलंस, म्हणून तो झोपलेला उठला नाही." आणि हे सगळ्यात दंगेखोर मुलाला सगळ्यात आधी ऐकायला मिळेल असं बघा, दिवसात एकदा तरी तो हळू बोलतोच.