अर्जुनसालीचा काढा सुरू केला, आता गोळ्या बंद करू का?

प्रश्न : मॅडम, माझे बाबा 63 वर्षांचे आहेत, एसटीतून निवृत्त झालेत. दिवाळीनंतर त्यांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी करून दोन स्टेंट टाकले. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल अशा पाच गोळ्या सुरू आहेत. भंडाऱ्याच्या आत्याने अर्जुनाची साल पाठवली, तिचा काढा बाबा रोज सकाळी घेतात. सोबत मोबाईलवर आलेलं लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरचं मिश्रणही घेतात. त्यांना खूप बरं वाटतं. पण हातावर निळे डाग पडतात, अ‍ॅसिडिटी होते, म्हणून आठवड्यापासून त्यांनी क्लोपिडोग्रेल सोडली आहे. "रक्त पातळ करायला लसूण आहे की," असं म्हणतात. आता कोलेस्टेरॉलची गोळीही सोडायची आहे. त्यांना काय सांगू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुमचं पत्र हाती आलं त्याच दिवशी फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तुम्ही बाबांना त्याच संध्याकाळी हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलंत, फार बरं केलंत. फोनवर जे घाईत सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. अशी पत्रं मला दर महिन्याला येतात, आणि प्रत्येक वेळी माझा जीव टांगणीला लागतो.

स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. फुगा फुगवून ती रक्तवाहिनीच्या भिंतीत दाबून बसवतात. हळूहळू तिच्यावर आतल्या अस्तराचा थर चढतो. हल्लीच्या स्टेंटवर औषधाचा लेप असतो. वाहिनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून तो लावलेला असतो, पण त्यामुळे अस्तर चढायलाही वेळ लागतो. तोवर उघड्या तारांवर रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक कणिका, गोळा होऊन गुठळी होण्याचा धोका असतो. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही. एका प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. गोळी सोडली की जुन्या प्लेटलेट जातात आणि त्यांच्या जागी औषध न लागलेल्या नव्या येतात. म्हणजे गोळी सोडून आठवडा झाला, तेव्हा तिचं काम जवळजवळ संपलेलं होतं. अशा वेळी स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर ती काही मिनिटांत वाहिनी बंद करते. अटॅकनंतर ही गोळी साधारण वर्षभर देतात ती याचसाठी. ती आधी थांबवायची की बदलायची, हे फक्त स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आता डाग आणि अ‍ॅसिडिटीबद्दल. कच्चा लसूणही प्लेटलेटची चिकटण्याची ताकद थोडी कमी करतो, पण किती ते पाकळीपाकळीगणिक बदलतं. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवर रोज त्याची भर पडली तर निळे डाग वाढू शकतात. लिंबू आणि व्हिनेगर रिकाम्या पोटी घेतलं की छातीत जळजळ होणारच. ज्या त्रासापायी बाबांनी गोळी सोडली, त्या त्रासात मिश्रणाचाच हात असण्याची शक्यता मला मोठी वाटते. बंद करायचं असेल तर ते मिश्रण बंद करा. फोडणीतला लसूण खुशाल खाऊ द्या. अ‍ॅसिडिटीसाठी मात्र दुकानातून परस्पर ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल आणू नका, त्यांनी क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. पॅन्टोप्राझोल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा. आणि मेटोप्रोलॉलही कधी एकदम सोडू देऊ नका. नाडी आणि बीपी उसळतात, छातीत पुन्हा दुखू लागतं.

अर्जुनाबद्दल माझ्या मनात आदर आहे. वैनगंगेच्या काठाने हिंडलेल्या माणसाला हे झाड ओळखीचं असतं. गुळगुळीत, राखाडी, पापुद्रे सुटणारं खोड, आणि साल आतून लालसर. आपल्याकडच्या टसरच्या अळ्याही ऐन आणि अर्जुनावरच वाढवतात. सालीचा क्षीरपाक करायचा तर शास्त्रात प्रमाण दिलेलं आहे : साल एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, आणि दूध उरेपर्यंत आटवायचं. औषध मोजून द्यावं लागतं, हे आपल्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं. मूठभर साल पातेल्यात टाकून उकळणं हा काही आयुर्वेद नव्हे.

अर्जुनाचा अभ्यासही झालेला आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये छातीत दुखणाऱ्या 58 पुरुषांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. सालीचा अर्क 500 मिलिग्रॅम दर आठ तासांनी दिला, तेव्हा दुखणं कमी झालं आणि चालण्याची ताकद वाढली. बाबांना बरं वाटतं ते खोटं नसावं. मात्र हा अर्क एकेकाला एकच आठवडा दिला होता. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांना तो बारा आठवडे दिला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हृदयाच्या पंपिंगमध्ये फरक पडला नाही. आता दुसरी बाजू बघा. 1988 च्या एका मोठ्या अभ्यासात अटॅक आलेल्या 17,187 जणांपैकी निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन दिली, तर पाच आठवड्यांत त्या गटात मृत्यू सुमारे 23 टक्क्यांनी कमी झाले. स्टॅटिनचा, म्हणजे बाबांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या जातीचा, 1994 चा अभ्यास 4,444 हृदयरुग्णांवर होता आणि पाचेक वर्षं चालला. त्यात मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. अर्जुनाने जीव वाचतो की नाही, हे असं कुणी अजून तपासून दाखवलेलं नाही.

मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं, त्यामुळे "झाडपाल्याचं ते निर्धोक, गोळी ती केमिकल" हे ऐकलं की मला राहवत नाही. डिजॉक्सिन ही हृदयाची जुनी गोळी डिजिटॅलिस या झाडाच्या पानांतून आली. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी त्या पानांवरचं पुस्तक 1785 मध्ये लिहिलं. गोळीत औषध किती? एक मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा. थोडं जास्त झालं की तेच हृदयाची लय बिघडवतं, आणि पानात ते किती आहे हे कुणालाही बघून सांगता येत नाही. आपल्या अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांत त्याच जातीचं विष असतं. सर्पगंधाचंही तेच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये उच्च रक्तदाबावरचा तिचा उपयोग जगापुढे मांडला, पुढे तिच्यातून रिसर्पिन हे औषध वेगळं काढलं. पहिलं स्टॅटिन तर बुरशीतून मिळालं.

गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरतं असा आपल्याकडे मोठा बोलबाला होता. 2003 मध्ये अमेरिकेत चाचणी झाली, तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उलट थोडं वाढलं. ज्येष्ठमध रोज घेतल्याने बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, म्हणून बाबांच्या काढ्यात ते नाही ना, हे आत्याला विचारून घ्या. ईसबगोलाने मात्र एलडीएल थोडं खरंच उतरतं. औषधांपासून दोन तास अंतर ठेवून घ्यायला हरकत नाही.

बाबांना अर्जुन घ्यायचाच असेल, तर गोळ्या चालू ठेवून, आणि तोही डॉक्टरांच्या कानावर घालून. साल आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात जा, मात्रा तिथल्या वैद्यांकडून घ्या. 'ब्लॉकेज उघडतं' म्हणणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. हृदयरोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. गोळ्यांचा खर्च जड जात असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. बरं वाटण्यावरून कोलेस्टेरॉल कळत नाही, म्हणून लिपिड प्रोफाइल करून घ्या. अटॅकनंतर एलडीएल 70 च्या खाली, जमल्यास 55 च्या खाली हवं.

फोनवर तुम्ही संत्र्याचंही विचारलं होतं. स्टॅटिनसोबत ग्रेपफ्रूट खाऊ नये, हे खरं आहे. पपनसही टाळा. आपली संत्री त्यात येत नाहीत. मात्र रॅमिप्रिलने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, तेव्हा किडनीचा त्रास असेल किंवा रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल, तर संत्र्याचा रस किती प्यायचा हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या.