शुभविवाहची शिरोरेघ तुटते, कन्नड ओळ मात्र नीट दिसते: उत्तर

निपाणीचे दादा, तुमची लग्नपत्रिका बघितली. वर कन्नड ओळ, खाली मराठी, दोन्ही एकाच रुंदीला बसवायला वर्डमध्ये एक्सपांडेड (अक्षरांमधलं अंतर वाढवणं) १.५ पॉइंट दिलंय, कन्नड झकास बसलं पण 'शुभविवाह'च्या रेघेचे तुकडे पडले. फॉन्ट बदलून उपयोग नाही हो. कन्नडात प्रत्येक अक्षराचं तलकट्टू, म्हणजे डोक्यावरची छोटी रेघ, आपापलं, म्हणून अक्षरं एकमेकांपासून लांब केली तरी चालतात. आपल्या देवनागरीत अक्षराची रेघ पुढच्या अक्षराच्या रेघेला टेकते तेव्हाच सलग ओळ दिसते, मध्ये अंतर घातलं की तिथंच फट पडणार.

मी बेळगावात बरीच वर्षं दोन भाषांच्या पत्रिका लावतोय, तेव्हा माझं ऐका, मराठी अक्षरांमध्ये एक्सपांडेड देऊच नका. आधी साइज एक-दोन पॉइंट वाढवून बघा. थोडकं कमी पडत असेल तर ओळ सिलेक्ट करून कंट्रोल डी, अॅडव्हान्स्ड टॅब, तिथं स्केल १०५ टक्के करा, अक्षर आडवं रुंद होतं आणि रेघ जोडलेलीच राहते. ११० च्या वर जाऊ नका, काने जाड दिसायला लागतात. ओळीत तीन-चार शब्द असतील तर फक्त मधली स्पेस सिलेक्ट करून तिलाच एक्सपांडेड २-३ पॉइंट द्या, शब्द एकमेकांपासून लांब होतात, शब्दातली अक्षरं जोडलेलीच राहतात. मला हीच पद्धत सगळ्यात आवडते. लिब्रेऑफिस असेल तर हे सगळं फॉरमॅट, कॅरेक्टर, पोझिशनमध्ये मिळेल.

उलटं, पत्त्यातला शेवटचा एकच शब्द खालच्या ओळीत जात असेल तर कंडेन्स्ड (अक्षरांमधलं अंतर कमी करणं) चालतं, पण ०.२ पॉइंटच. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, तेव्हा तीस अक्षरांत जेमतेम दोन मिलिमीटर वाचतात, तेवढ्यात काम होतं की. त्याहून आवळलं तर वेलांट्या आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर चढतात. एकदा वधूच्या आडनावात असं झालेलं, छापून आल्यावर दिसलं, तीनशे पत्रिका परत छापाव्या लागल्या, घरच्यांचा चेहरा अजून आठवतो.

आणि स्क्रीनवर रेघेत बारीक फट दिसली तर लगेच घाबरू नका, झूम ४०० टक्के करून बघा, मग एक कागद छापून बघा. कागदावर फट नसेल तर प्रेसला पाठवा.