रोजच्या जगण्यात कृतज्ञतेचा सराव कसा करावा? रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहून खरंच फरक पडतो का?

वही घेऊ नका. घ्यायचीच तर घ्या, पण कुणी भेट दिली असेल तर आधी बघा, कोण देतंय आणि कधी देतंय. मला ती 2020 च्या दिवाळीत मिळाली, ठाण्याहून, दादाकडून. प्रत्येक पानावर 'आज मी कशाबद्दल आभारी आहे' आणि खाली तीन रेघा.

आमची नारळ-सुपारीची वाडी श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अठरा गुंठे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तिच्यात साडेतीनशेच्या आसपास पोफळी आणि बत्तीस माड होते. वारा ताशी 100-110 किलोमीटरचा होता असं नंतर वाचलं, तेव्हा नुसता आवाज होता. आमच्या पोफळी बऱ्याचशा कमरेत मोडल्या. आधी झाड वाकतं, वाटतं सुटलं, आणि मग काडकन. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समोर थेट समुद्र. चाळीस वर्षांत त्या दारातून मी समुद्र पाहिला नव्हता.

नव्वद पोफळी उभ्या राहिल्या. माड अकरा. मदत हेक्टरी 50 हजार जाहीर झाली, अठरा गुंठ्यांचा हिशेब तुम्हीच करा.

वीज नव्हती, फोन बंद. पाचव्या दिवशी डोंगरावरच्या वळणावर रेंज मिळाली तेव्हा दादाला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जीव वाचले ना सगळ्यांचे? मग देवाचे आभार मान. झाडं काय, परत लावता येतात." मी फोन कापला. झाडं परत लावता येतात हे मला ठाऊक आहे. पोफळीची पहिली सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात हेही ठाऊक आहे. कोवळ्या रोपाला सावली लागते आणि सावली देणारी वाडीच आडवी झालेली, म्हणजे आधी केळी लावा, त्या वाढू द्या, मग पोफळी. दादाचं कॉलेज याच सुपारीवर झालं, पण त्याला एवढं शेतीचं कळत नाही.

आता आईचं सांगतो. 'कृतज्ञता' हा शब्द ती फक्त सत्काराच्या भाषणात ऐकते. पण भात झाला की पहिला घास गडग्यावर, म्हणजे वाडीच्या दगडी कुंपणावर, कावळ्याला, हे माझ्या आठवणीत एक दिवस चुकलेलं नाही. वादळानंतर घरात पेज आणि लोणचं, तेही ओल्या लाकडांच्या धुरात शिजवलेलं. तरी फाटक्या केळीच्या पानावर पहिली पळी गडग्यावर गेली. कावळा कुठला यायला! वाडीत पाखरूच उरलं नव्हतं, सकाळी इतकं सामसूम की भीती वाटायची. संध्याकाळी घास तसाच, मुंग्या लागलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी चिडलो, "आई, खाणारा आहे कुठे? इथे आपल्यालाच पुरत नाही." तर म्हणते, "आला नाही म्हणजे त्याला भूक नाही होय?"

आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी एक आला. एका पंखाचं पीस तिरकं बाहेर आलेलं, गडग्यावर धड बसता येत नव्हतं. आई काही बोलली नाही. आत गेली आणि अजून एक पळी घेऊन आली.

म्हणून माझं म्हणणं असं, की ज्याचं देणं लागतो त्याला काहीतरी द्या. रात्री पांघरुणात बसून स्वतःला बरं वाटावं म्हणून केलेल्या यादीचा कावळ्याला काय उपयोग? आणि दुसरं, ज्याचं नुकसान झालंय त्याला 'आभार मान' सांगणं म्हणजे 'गप्प बस' सांगणं. हे दादाला मी दर गणपतीत सांगतो. त्याला पटत नाही.

तरी तुम्ही विचारलंय म्हणून. एमन्स आणि मॅक्कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रयोग छापला. त्यात दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार वाटणाऱ्या गोष्टी लिहिणारे विद्यार्थी कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तेव्हा फरक पडतो, पण रोज कशाला? रविवारी लिहा. रोजचं काही हवंच असेल तर मोटर दुरुस्त करून गेला त्याला नावानं हाक मारून सांगा की पाणी चांगलं चढतंय. आणि आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल तर वही राहू द्या, डॉक्टरकडे जा.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर दादावर अन्याय होईल. रोपांचे पैसे त्यानेच दिले. दीडशे पोफळी, साठ केळीचे मुनवे, विहिरीवरची मोटर. तो सगळा हिशेब मी त्याच वहीत लिहिलाय, त्या तीन-तीन रेघांवर. पण तो फोनवरचं वाक्य मागे घेत नाही तोवर आभाराचा शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं, आणि नाहीच काढला. यंदा काही नव्या पोफळींना पहिल्यांदा सुपारी धरली. वाळवली, सोलली आणि त्यातली दोन किलो ठाण्याला पाठवली. वहिनीचा फोन आला, पोचली म्हणून. मागून दादाचा आवाज, "अजून जरा वाळायला हवी होती."

चाळीस दिवस उन्हात होती ती.