लहान पतसंस्थेने जाहिरात कशी करावी?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची एकच शाखा आहे. मोठ्या बँकांसारख्या जाहिराती आम्हाला परवडत नाहीत. गेल्या वर्षी हातपत्रके वाटली, पण त्यातून किती खाती उघडली गेली हे सांगता येत नाही. थोड्या खर्चात नवे सभासद कसे मिळवावेत? – एक व्यवस्थापक

उत्तर : किती खाती उघडली गेली हे सांगता येत नाही, असे आपण लिहिले आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. खाते उघडण्याच्या अर्जात ‘आमच्या संस्थेविषयी आपल्याला कोठून कळले?’ ही एक ओळ घाला आणि ती कोरी राहणार नाही याची जबाबदारी काउंटरवरील एका कर्मचाऱ्यावर सोपवा. बहुतेक अर्जांत तेथे एखाद्या जुन्या सभासदाचेच नाव आढळेल, अशी माझी अटकळ आहे.

पतसंस्थांची चळवळ वाढली तीही ओळखीच्या बळावरच. अल्फोन्स देजार्दँ यांनी १९०० साली कॅनडातील लेव्ही येथे उत्तर अमेरिकेतील पहिली पतसंस्था स्थापन केली, तेव्हा सुरुवातीचा कारभार त्यांच्या राहत्या घरातूनच चाले, आणि ते नोकरीनिमित्त ओटावाला असत त्या काळात तो त्यांच्या पत्नी डोरिमेन सांभाळत.

म्हणून आधी जुन्या सभासदांकडे वळा. मुदत ठेव संपण्याच्या पंधरा दिवस आधी ठेवीदाराला स्वतः फोन करा आणि त्याच वेळी वारसाचे नाव नोंदवले आहे का, तेही विचारा. हा प्रश्न घरात चर्चेला येतो, आणि ज्या मुलामुलींनी आपली शाखा कधी पाहिलेली नसते त्यांच्याही कानावर संस्थेचे नाव जाते.

दुसरे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, ते म्हणजे महिन्यातून एका संध्याकाळी शाखेतच कर्जाचे व्याज समजावून सांगणे. वर्षभराच्या मासिक हप्त्यांनी फेडायच्या कर्जावर बारा टक्के ‘फ्लॅट’ दर लावला, तर मूळ रक्कम दरमहा कमी होत असूनही व्याज पूर्ण रकमेवरच आकारले जाते, आणि घटत्या शिलकीवर हिशेब केल्यास तोच दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. ही आकडेमोड फळ्यावर ओळीने मांडून दाखवा. आपला स्वतःचा दर कसा आकारला जातो, हेही त्याच फळ्यावर लिहा. ते लिहिण्याची तयारी नसेल, तर हा कार्यक्रम घेऊच नका.

ठेवींवर सर्वांत जास्त व्याज देतो, अशी जाहिरात मात्र टाळावी, कारण केवळ दरासाठी आलेली ठेव दुसरीकडे अर्धा टक्का अधिक मिळताच निघून जाते. गूगल नकाशावर शाखेची वेळ आणि फोन क्रमांक अचूक असू द्या; त्याला पैसे पडत नाहीत.

हातपत्रके पुन्हा छापणारच असाल, तर प्रत्येक वस्तीसाठी कोपऱ्यात वेगळे अक्षर छापा आणि पत्रक घेऊन येणाऱ्याचे खाते उघडण्याचे काम प्राधान्याने करा, म्हणजे कोणत्या वस्तीतून किती माणसे आली हे पुढच्या वर्षी आपल्याला नेमके सांगता येईल.