वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या स्लाइडवर अडलेलं इंग्रजी

प्रश्न : मी केज तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. इंग्रजी वाचलेलं कळतं, पेपरही नीट लिहिते. पण सेमिनारला उभी राहिले की बोबडी वळते. गेल्या महिन्यात क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीवर, दहा मिनिटं बोलायचं होतं. सगळं पाठ केलं होतं. तिसऱ्या स्लाइडवर एक शब्द अडला आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. उरलेल्या स्लाइड मी नुसत्या वाचून दाखवल्या. मार्चमध्ये पुन्हा सेमिनार आहे. रूममेट म्हणते, स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. फी नऊ हजार. लावू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नको लावूस. निदान मार्चपर्यंत तरी नको. नऊ हजारांत तुझे मेसचे दोन-तीन महिने निघतील.

तुला इंग्रजी येत नाही असं तुझ्या पत्रात मला कुठेच दिसलं नाही. अडलं ते पाठांतर. एकोणतीसचा पाढा मध्येच चुकला की आपण पुन्हा ‘एकोणतीस एके’पासून सुरू करतो ना, तसंच. सेमिनारमध्ये पहिल्यापासून सुरू करता येत नाही, म्हणून तू वाचायला लागलीस. आणि बोलायची सवय आपल्याला लावतं कोण? बारावीला इंग्रजीची वीस मार्कांची तोंडी परीक्षा असते. ती बऱ्याच ठिकाणी कशी उरकतात ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

दुसरी अडचण आपल्या वाक्याची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘मी काल लॅबमध्ये दोन रंग वेगळे...’ इथपर्यंत येऊनही ‘केले’ म्हणायचं की ‘करून पाहिले’, हे ठरवायला वेळ मिळतो. इंग्रजीत ‘आय’ म्हटलं की लगेच ‘सेपरेटेड’ म्हणावं लागतं. मनात मराठी वाक्य जुळवून मग उलटवणारा माणूस नेमका तिथेच ‘अं... अं...’ करतो. आपलाच ‘अं’ कानावर पडला की घशाला कोरड पडते. म्हणून वाक्यं तोकडी कर. ‘धिस इज पेपर. द सॉल्व्हंट गोज अप. द कलर्स गो विथ इट, बट नॉट ॲट द सेम स्पीड.’ झाली की क्रोमॅटोग्राफी! ‘स्टेशनरी फेज’ (जागेवर राहणारा भाग), ‘मोबाइल फेज’ (सरकणारा भाग) हे शब्द तुझ्या वहीत इतक्यांदा आलेत की ते आपोआप येतील.

आता त्या फिस्सकन हसण्याबद्दल. मी १९८४ साली एका तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले. मीही मराठी माध्यमाचीच. व्हरांड्यातून प्राचार्य जाताना दिसले की माझा आवाज खाली यायचा. पुढे हैदराबादला एका प्रशिक्षणात मी ‘डेव्हलप’ हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटला (जोर ‘व्हे’वर हवा) आणि शेजारची बाई हसली. दोन दिवस मी चहाच्या सुट्टीतही हिंदीवर भागवलं. तिसऱ्या दिवशी तीच बाई भर वर्गात ‘प्रोनाउन्सिएशन’ म्हणाली. बरोबर उच्चार ‘प्रनन्सिएशन’. मला झालेला आनंद काही फारसा सज्जनपणाचा नव्हता, पण त्या दुपारपासून मी पुन्हा बोलायला लागले.

ही भीती आपल्या खेड्यातून आलेली नाही. १९८६ साली इलेन हॉरविट्झ या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली छापली. ‘मी बोलले की वर्गातले हसतील’, ‘तयारीशिवाय बोलावं लागलं की धडकी भरते’, अशा अर्थाची विधानं तिच्यात आहेत. ती भरून दिली होती टेक्सास विद्यापीठात नव्याने स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांनी. म्हणजे इंग्रजीच्या देशातली मुलं, आणि तीही परक्या भाषेपुढे तशीच तत-पप करत होती.

मार्चपर्यंत एवढं कर. विषय आधी आईला फोनवर मराठीत सांग. शाईचा ठिपका कागदावर पसरताना रंग का सुटे होतात, हे तिला कळलं तर विषय तुला कळला. मग रूममेटला इंग्रजीत सांग, मात्र मध्ये चूक दाखवायची नाही, अशी तिला तंबी दे. नंतर दोघी-तिघींना घेऊन, त्याच हॉलमध्ये, उभं राहून. प्रत्येक वेळी वाक्यं वेगळी झाली तर उत्तमच. स्लाइडवर आकृती ठेव, वाक्यं नकोत. वाक्य दिसलं की तू वाचणार. फक्त पहिली दोन वाक्यं पाठ कर, तेवढ्याला माझी हरकत नाही.

भीती मार्चमध्येही वाटेल. अडलीस तर ‘वन मिनिट, प्लीज’ म्हण आणि पाणी पी. बाटली टेबलावर ठेव, सॅकमध्ये नको.