प्रॉडक्ट ओनर फक्त प्लॅनिंगला आणि रिव्ह्यूला भेटतो. मधल्या दिवसांत टीमने काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यात, तुमचा प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं हे ठरवणारा माणूस) दोनदाच दिसतो, सुरुवातीला काम ठरवताना आणि शेवटी झालेलं काम बघताना, आणि तेव्हा "हे असं नको होतं" म्हणतो. मी सहा वर्षं डेव्हलपर होते, आता चार वर्षं पुण्यात प्रॉडक्ट ओनर आहे. दोन्ही बाजूंनी हे सोसलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी डेव्हलपर असताना आम्ही दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करत होतो. स्टोरी, म्हणजे करायच्या कामाचं वर्णन, एका ओळीची होती: चुकलेलं बिल रद्द करता यावं. प्लॅनिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पाच मिनिटांत पुढच्या स्टोरीवर गेलो. मी असं केलं की रद्द केलेलं बिल यादीतून जाईल आणि त्याचा नंबर पुढच्या बिलाला मिळेल. टेस्टिंगमध्येही ते पास झालं, कारण टेस्ट केसेस माझ्याच समजुतीवर लिहिल्या होत्या. रिव्ह्यूत प्रॉडक्ट ओनरने १२७ नंबरचं बिल रद्द केलं, नवीन काढलं, आणि त्यालाही १२७च नंबर आला. तो तिथेच थांबला.

जीएसटीत बिलांचे नंबर सलग असावे लागतात आणि एका आर्थिक वर्षात एक नंबर दोनदा चालत नाही. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नच्या तेराव्या तक्त्यात किती बिलं काढली आणि त्यातली किती रद्द झाली, हे भरावं लागतं. म्हणजे रद्द झालेलं बिल नोंदीत राहायलाच हवं. आमच्या प्रॉडक्ट ओनरला हे इतकं सवयीचं होतं की लिहून द्यावं असं त्याला वाटलंच नाही, आणि इथे काही विचारण्यासारखं आहे हे मला कळलं नव्हतं.

अशा गोष्टी प्लॅनिंगला आणखी तास देऊन बाहेर येत नाहीत. कोड लिहायला बसल्यावर, स्क्रीन समोर आल्यावर येतात, आणि नेमका तेव्हा प्रॉडक्ट ओनर हाताशी असावा लागतो. २००१ साली युटामधल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि अजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत करण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा झाला. त्याच्या बारा तत्त्वांपैकी एक म्हणजे धंद्याकडच्या माणसांनी आणि डेव्हलपरांनी प्रोजेक्टभर रोज एकत्र काम करावं. स्प्रिंट वगैरे ज्या अजाइल पद्धतीतून आले त्या स्क्रमच्या २०२० च्या गाइडमधून तर 'डेव्हलपमेंट टीम' ही टीमच्या आतली वेगळी टीम काढून टाकली, कारण त्यातून प्रॉडक्ट ओनर एकीकडे आणि टीम दुसरीकडे अशी फूट पडत होती.

तेव्हा प्रॉडक्ट ओनरकडे रोजची ठरलेली अर्ध्या तासाची वेळ मागा. ती डेली स्क्रममध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, घुसडू नका, ती पंधरा मिनिटं डेव्हलपरांची आहेत. प्रॉडक्ट ओनर जर्मनीत असेल तर आपल्या दुपारी अडीचला तिकडे उन्हाळ्यात अकरा आणि हिवाळ्यात दहा वाजलेले असतात, जमण्यासारखं आहे. प्रश्न नसतील त्या दिवशी पाच मिनिटांत उठा, पण वेळ रद्द करू नका.

विचारायचं कसं, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. "रिक्वायरमेंट क्लिअर आहे ना?" याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी अर्धवट का होईना, चालणारी स्क्रीन तिसऱ्या दिवशी समोर ठेवा आणि खऱ्या आकड्यांनी विचारा: "१२७ रद्द केलं, आता पुढचा नंबर काय यायला हवा? आणि रिटर्न भरून झालं असेल तर?" दुसऱ्या प्रश्नावर लगेच क्रेडिट नोटचा (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदाचा) विषय निघाला असता. उत्तर तिथल्या तिथे स्टोरीत लिहून टाका. काम वाढत असेल तर त्याच बैठकीत काय मागे टाकायचं तेही ठरवून घ्या. स्प्रिंट चालू असताना स्कोपबद्दल, म्हणजे कामाच्या व्याप्तीबद्दल, प्रॉडक्ट ओनरशी पुन्हा बोलायला स्क्रममध्ये पूर्ण मुभा आहे.

प्रॉडक्ट ओनरला खरोखरच वेळ नसेल तर तो बहुधा एखाद्या बीएला (बिझनेस अ‍ॅनालिस्टला) तुमच्याकडे बसवेल. तेव्हा एकच गोष्ट स्पष्ट विचारून घ्या: तिला निर्णय घेता येतील का? प्रत्येक प्रश्नावर "विचारून सांगते" असं उत्तर येणार असेल तर एकेका प्रश्नाला दिवस जाईल. निदान कोणत्या गोष्टी ती स्वतः ठरवू शकते, हे प्रॉडक्ट ओनरकडून टीमसमोर वदवून घ्या.