जेगर-लकूल्त्र या स्विस कंपनीच्या रिव्हर्सो घड्याळांत एवढं काय खास आहे?

अहो, रिव्हर्सोचं मूळ आपल्याकडच्या पोलोत आहे! ब्रिटिश अमदानीत इथे पोलो खेळणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटायच्या, ती रड सेझार द त्रे नावाच्या घड्याळाच्या व्यापाऱ्याच्या कानावर गेली आणि त्यातूनच १९३१ मध्ये या उलटणाऱ्या केसचं, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीचं, पेटंट घेतलं गेलं. युक्ती बघा, आयताकृती केस बाजूला सरकवायची, पालथी करायची, खट् करून बसते, काच आत आणि स्टीलची पाठ बाहेर. आता कोण जातंय पोलो खेळायला, त्या पाठीवर लोक नावाची अक्षरं कोरून घेतात.

रिव्हर्सोच्या एकाच डायलच्या ट्रिब्यूट मोनोफेस मॉडेलमध्ये चावीचं मशीन आहे, त्याचं नाव कॅलिबर ८२२, एकदा चावी दिली की ४२ तास चालतं, म्हणजे आजोबांच्या एचएमटी जनतासारखं रोज सकाळी आठवणीने चावी द्यायची. पण मला विचाराल तर खरी कमाल ड्युओफेस मॉडेलची, त्यात पाठीलाही डायल, तिथे दुसऱ्या देशाची वेळ लावायची आणि दोन्हीकडचे काटे फिरवणारं मशीन मात्र एकच! मुलगा अमेरिकेत असेल तर सोयीचं, फक्त किंमत लाखांत आहे आणि पावसात घालून हिंडायचं हे घड्याळ नव्हे.